नवे हत्यार, जुना हात

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात तळवली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





या मेळाव्यात एखाद्या व्यवसायाची माहिती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, अशी संस्थेची इच्छा असते. मला दिलेला विषय आहे व्हिडिओ संकलनाचा. आपल्या वस्तीतल्या भाषेत सांगायचे तर एडिटिंगचा, किंवा लग्नाचे शूटिंग करणारे ज्याला मिक्सिंग म्हणतात त्याचा. या विषयावर कोणी बोलू लागले की विद्यार्थ्यांकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणते सॉफ्टवेअर शिकू?" प्रश्न गैर नाही. परंतु आज मी त्याच्या पुढचा प्रश्न आपल्यासमोर ठेवणार आहे. जे सॉफ्टवेअर तुम्ही शिकाल, त्यावर पाच-सात वर्षे काम कराल, चार पैसे मिळवाल, घरखर्चाला हातभार लावाल, तेच एके दिवशी सोडावे लागले तर काय कराल? त्या दिवशी तुमच्यापाशी काय शिल्लक राहील?

हा प्रश्न या परिसराला नवा नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यापूर्वी या खाडीकाठी भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. जमीन गेली तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसांना, ज्यांच्या हाताला नांगराची, विळ्याची आणि जाळ्याची सवय होती, त्यांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाना धरायला शिकावे लागले. त्यांना कोणी प्रशिक्षण दिले नाही, धीरही दिला नाही. त्यांच्या मानाने आपल्या मुलांची अडचण लहान आहे. पण ती त्याच जातीची आहे आणि तिच्यासाठी मुलांना आधीच तयार करणे आपल्या हातात आहे.

हत्यारे बदलत आली

संकलन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. चित्रित केलेल्या अनेक तुकड्यांतून निवड करायची, नको ते काढायचे, हवे ते योग्य क्रमाने आणि योग्य लांबीने जोडायचे, आवाज बसवायचा. निकाहाचे चार तासांचे चित्रण तीस मिनिटांवर आणताना काझीसाहेबांच्या शब्दांनंतर नवऱ्या मुलाचा चेहरा दाखवायचा की वधूपित्याचे भरून आलेले डोळे, हा निर्णय म्हणजे संकलन. तो निर्णय कोणत्याही यंत्राचे बटण घेत नाही. यंत्र फक्त तो अमलात आणते.

ती यंत्रे मात्र शंभर वर्षांत पुनःपुन्हा बदलली. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रण करीत, मग छपाईच्या धंद्यात होते. १९१२ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रनिर्मिती पाहिली आणि कॅमेरा घेऊन परतले. त्या काळी कोरी फिल्म भोकांवाचून येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे नाजूक काम सरस्वतीबाई फाळके करीत. सिनेमा ही चीज देशात नवी असताना एक गृहिणी ते तंत्र शिकली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. घरकाम सांभाळून यंत्र शिकता येत नाही, असे ज्या माता-भगिनींना वाटते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

त्यानंतर कित्येक दशके संकलक खरोखरीच कापाकापी करीत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात आणि पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे धावतात, म्हणजे हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. संकलक ते रीळ टेबलावरच्या यंत्रावर फिरवून पाही, खूण करी, कापी आणि चिकटपट्टीने जोडी. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. तेथे अशाच टेबलांवर संकलकांच्या पिढ्या तयार झाल्या. 'जाने भी दो यारो' आणि 'परिंदा' या चित्रपटांच्या संकलक रेणू सलुजा त्यांपैकीच. त्यांना दिग्दर्शन शिकायचे होते, प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या संकलनाकडे वळल्या आणि पुढे त्या कामासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

मग व्हिडिओ टेप आली. लग्नाच्या कॅसेटी आपल्यापैकी अनेक पालकांच्या कपाटात अजून असतील. टेपवर काम करणे म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात क्रमाने उतरवीत जाणे. मध्येच एक प्रसंग घालायचा राहिला तर त्याच्या पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. १९८९ साली 'ॲव्हिड' हा संगणकावरचा संकलनाचा प्रोग्राम आला, १९९१ मध्ये 'प्रीमियर' आला, १९९९ मध्ये 'फायनल कट प्रो' आला. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रीमियर पहिल्यांदा लिहिणारे रँडी उबिलोस हेच पुढे फायनल कट प्रो तयार करणाऱ्यांचे प्रमुख होते. ज्या माणसाने एक हत्यार घडवले, त्यालाच ते बाजूला ठेवून दुसरे घडवावेसे वाटले. मग वापरणाऱ्याने पहिल्यालाच जन्मभर कवटाळून का बसावे?

अमेरिकेतील वॉल्टर मर्च हे या क्षेत्रातील उस्ताद मानले जातात. १९७०च्या दशकापासून ते फिल्म हाताने कापीत आले होते. 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटाचे काम अर्ध्यावर आले असता घरातील आजारपणामुळे त्यांना घरी राहून काम करणे भाग पडले आणि ते फिल्मवरून ॲव्हिडवर गेले. त्याच चित्रपटासाठी १९९७ साली त्यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला हा सन्मान मिळण्याची ती पहिली वेळ. एवढ्यावर ते थांबले नाहीत. २००३ सालचा 'कोल्ड माउंटन' त्यांनी फायनल कट प्रोवर केला. तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. त्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेली एक सवय मात्र कोणत्याही यंत्रापाशी सुटली नाही. ते उभे राहून संकलन करतात.

प्रोग्राम बंद पडतात तेव्हा

आता अलीकडची तीन उदाहरणे पाहा.

जगभरचे असंख्य व्यावसायिक फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीवर काम करीत होते. २१ जून २०११ रोजी ॲपल कंपनीने नवी आवृत्ती आणली. ती जुन्याची सुधारणा नव्हती, मुळापासून नव्याने लिहिलेला प्रोग्राम होता. जुने प्रकल्प तीत उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवण्याची सोय सुरुवातीला नव्हती, ती जानेवारी २०१२ मध्ये आली. अनेकांनी संतापून प्रीमियरचा रस्ता धरला, काहींनी नेटाने नवे शिकून घेतले, काही जुन्यावरच राहिले. २०१७ साली ॲपलची नवी कार्यप्रणाली आली, तिच्यावर ते जुने चालेनासेच झाले.

दुसरे उदाहरण 'विंडोज मूव्ही मेकर'चे. २००० सालापासून तो विंडोजबरोबर मिळे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, सहलीच्या चित्रफिती, वाढदिवसाची छायाचित्रे, काय काय त्यावर झाले नाही! जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बंद केला.

तिसरे उदाहरण विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. सर्वांना त्यातले टिकटॉक आठवते. पण त्याच यादीत 'व्हिव्हा व्हिडिओ' होते, ज्यावर कितीतरी मुले मोबाइलवर संकलन करायला शिकली होती. हाताशी आलेले हत्यार एका दिवसात गेले.

तीन घटनांची कारणे निरनिराळी आहेत. एकीत कंपनीने रूप बदलले, दुसरीत कंपनीने काम थांबवले, तिसरीत सरकारने निर्णय घेतला. तिन्ही ठिकाणी वापरणाऱ्याला कोणी विचारले नाही, आणि पुढेही कोणी विचारणार नाही. म्हणून ज्याने फक्त बटणांच्या जागा पाठ केल्या, त्याचे शिक्षण त्या बटणांबरोबर संपते. ज्याने कापायचे कुठे आणि का, हे शिकून घेतले, त्याचे काही दिवस वाया जातात, हुन्नर जात नाही.

जुन्या हाताला जड का जाते?

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याला काम येते त्याला नवे सॉफ्टवेअर सोपे जायला हवे. प्रत्यक्षात मात्र नवखा मुलगा पुढे जातो आणि दहा वर्षे काम केलेला माणूस चडफडत बसतो, असे का दिसते?

आम्हा शिक्षकांना बी.एड.ला अध्ययन-संक्रमण नावाचे प्रकरण असते. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ साली प्रयोगांवरून दाखवले की एका कामात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप जात नाही. दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढाच फायदा. आणि जेथे कामे वरवर सारखी पण आतून वेगळी असतात, तेथे जुनी सवय मदत करण्याऐवजी आडवी येते.

उदाहरण घ्या. प्रीमियरमध्ये कापण्याचे ब्लेड 'सी' या कळीवर आहे आणि निवडीचा बाण 'व्ही'वर. 'दा विंची रिझॉल्व्ह'मध्ये, तसेच नव्या फायनल कटमध्ये, ब्लेड 'बी'वर आणि बाण 'ए'वर. प्रीमियरमध्ये 'ए' दाबून टाइमलाइनवर टिचकी मारली की तेथून पुढचे सगळे तुकडे निवडले जातात. म्हणजे एकीकडे साधा बाण हाती देणारी कळ दुसरीकडे अर्धा व्हिडिओ उचलते. दहा वर्षे ज्याची बोटे न पाहता चालली, त्याची बोटे येथे न पाहताच चुकीच्या जागी जातात. नवख्याच्या बोटांना सवयच नसल्यामुळे तो कळ पाहून दाबतो. त्याचा वेग कमी दिसतो, पण त्याला जुने विसरायचे नसते.

कळांपेक्षा खोल फरक प्रत्येक प्रोग्रामच्या स्वभावात असतो. प्रीमियरमध्ये मधला तुकडा नुसता पुसला तर तेथे रिकामी जागा राहते. नव्या फायनल कटमध्ये पुढचे तुकडे आपोआप सरकून जागा भरतात. एकाला वाटते जागा राखणे महत्त्वाचे, दुसऱ्याला वाटते ओळ सलग असणे महत्त्वाचे. रिझॉल्व्हचा जन्म रंग दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतून झाला. 'ब्लॅकमॅजिक डिझाइन' या कंपनीने २००९ साली ती विकत घेतली आणि तिच्याभोवती संकलन, आवाज वगैरे बांधत नेले. म्हणून त्यात कामाच्या टप्प्यांप्रमाणे वेगवेगळी पाने आहेत. एकाच खोलीत सगळे करण्याची सवय असलेल्याला येथे चार खोल्यांचे घर मिळाल्यासारखे वाटते आणि सुरुवातीला मीठ कुठे, मसाला कुठे, हेच सापडत नाही.

पण समान घटकही पुष्कळ आहेत, आणि ते आधी शोधावेत. 'जे'ने मागे, 'के'ने थांब, 'एल'ने पुढे. 'आय'ने तुकड्याची सुरुवात, 'ओ'ने शेवट. या पाच कळा ॲव्हिड, प्रीमियर, फायनल कट आणि रिझॉल्व्ह या चारही ठिकाणी तेच काम करतात. ज्याला या पाच कळा येतात, तो कोणत्याही दुकानात गेला तरी निदान चित्रण पाहून निवड करू शकतो, आणि निवड हे निम्मे काम आहे.

नवे शिकण्याची रीत

मी स्वतः शाळेच्या कार्यक्रमांचे संकलन बरीच वर्षे एकाच प्रोग्रामवर केले. २०२० साली शाळा बंद झाल्या, पाठांचे व्हिडिओ करावे लागले आणि त्याच सुमारास दुसरा प्रोग्राम शिकणे भाग पडले. सुरुवातीला दहा मिनिटांच्या पाठाला एक अख्खी संध्याकाळ जाई. दीड-दोन महिन्यांनी तेच काम पूर्वीच्या वेळात होऊ लागले. त्या अनुभवातून आणि विद्यार्थ्यांना शिकवताना जे हाती लागले, ते सांगतो.

पहिली गोष्ट, नवे सॉफ्टवेअर पैसे घेतलेल्या कामावर शिकू नये. नवरीकडचे लोक दारात उभे आणि आपण बटण शोधतो आहोत, या स्थितीत कोणी शिकत नाही, फक्त वैतागतो. त्यापेक्षा आपण पूर्वी केलेले, पूर्ण झालेले तीन मिनिटांचे एखादे काम घ्यावे आणि तेच नव्या प्रोग्राममध्ये पहिल्यापासून बांधावे. कोणता तुकडा कुठे, हे ठरलेले असते. डोक्यावर निर्णयाचा भार राहत नाही आणि सारे लक्ष हत्याराकडे देता येते. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचे सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते.

दुसरी गोष्ट, दोनशे पानी वही घ्यावी. डावीकडे कामाचे नाव लिहावे, उजवीकडे ते नव्यात कसे होते ते. बटणाचे नाव डावीकडे लिहू नये. "रेझर कुठे आहे?" असे विचारले तर उत्तर सापडेलच असे नाही, कारण नव्यात त्याला दुसरेच नाव असेल. "तुकड्याचे दोन भाग कसे करायचे?" असे विचारले तर उत्तर नक्की मिळते. चित्रण आत आणणे, कापणे, लांबी कमी-जास्त करणे, जोडणे, आवाज चढवणे-उतरवणे, अक्षरे घालणे, वेग बदलणे, रंग दुरुस्त करणे, तयार फाइल बाहेर काढणे, अशी वीसेक कामे लिहून झाली की रोजच्या गरजेचे बहुतेक आले. उरलेली शंभर बटणे लागतील तेव्हा पाहावीत.

तिसरी गोष्ट जुन्या कळांची. रिझॉल्व्हसारख्या प्रोग्राममध्ये प्रीमियरच्या कळा तशाच लावून घेण्याची सोय आहे. ती वापरावी की नाही? काम तातडीचे असेल तर खुशाल वापरावी. पण शिकण्यासाठी बसला असाल तर पहिला महिना तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. तुमच्या वहीतल्या आणि शिकवण्यांतल्या कळा एक आणि तुमच्या संगणकावरच्या दुसऱ्या, असे झाले की गोंधळ वाढतो. शिवाय उद्या दुसऱ्याच्या संगणकावर बसायची वेळ आली तर हात पुन्हा अडखळतात.

चौथी गोष्ट, सुरुवातीच्या मांडणीकडे लक्ष द्यावे. एका सेकंदाला किती चित्रे, हे बहुतेक प्रोग्राम आरंभी विचारतात आणि काही ठिकाणी काम सुरू झाल्यावर ते सहजी बदलता येत नाही. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांच्या प्रकाशात २५ चित्रांचा वेग सोयीचा पडतो, लखलख कमी दिसते. मोबाइलचे चित्रण पुष्कळदा एकसारख्या वेगाचे नसते, त्यामुळे पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशी फाइल आधी ठरावीक वेगात रूपांतरित करून घ्यावी. त्यासाठी 'हँडब्रेक' नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. संगणक जुना असेल तर चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करता येते आणि शेवटी मूळ चित्रण जोडले जाते.

पाचवी गोष्ट, वय आणि मान बाजूला ठेवावा. मी पाठांच्या वेळी आवाज वेगळा नोंदवीत असे आणि टाळीचा ठोका पाहून तो चित्राशी हाताने जुळवीत असे. नववीतील एका मुलीने मला सांगितले की नवा प्रोग्राम आवाजाच्या लहरी पाहून दोन्ही आपोआप जुळवतो. तिचा भाऊ लग्नाची कामे करतो, त्याच्या शेजारी बसून ती हे शिकली होती. त्या दिवसापासून माझा पाठामागे पाऊण तास वाचला. उस्तादाने शागिर्दाकडून शिकावे, यात उस्तादी कमी होत नाही.

सहावी आणि शेवटची गोष्ट धीराची. १८९७ साली ब्रायन आणि हार्टर या दोघा अभ्यासकांनी तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांची प्रगती मोजली. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग काही काळ वाढे, मग कित्येक आठवडे जागच्या जागी राही आणि नंतर पुन्हा वाढू लागे. या मधल्या सपाट अवस्थेला आम्ही पठारावस्था म्हणतो. अनेक शिकणारे या पठारावरच हार मानतात आणि "जुनेच बरे होते" म्हणून परततात. तेव्हा आपण पठारावर आहोत, एवढे ओळखले तरी पुष्कळ. रोज अर्धा तास रियाज चालू ठेवावा.

आपल्या अक्षरांचा प्रश्न

मराठी आणि उर्दू वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, तिची माहिती इंग्रजी शिकवण्यांत सहसा नसते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी नव्या प्रोग्राममध्ये नेली की अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसतात, कारण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. म्हणून नावे आणि शीर्षके पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करावीत. युनिकोडमध्येही कधी जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते, उर्दू उलट्या दिशेने येते. काही प्रोग्राममध्ये दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांसाठी वेगळी सोय असते, ती आधी सुरू करावी लागते. निकाहाच्या व्हिडिओत वधूवरांचे नाव चुकीचे उमटले तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

या निमित्ताने कातिबांची आठवण होते. मुंबईची उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांच्या हातच्या अक्षरांत छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून, मोनोटाइप कंपनीच्या सहकार्याने, संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार केले आणि १९८१ साली लाहोरचे 'जंग' त्या अक्षरांत निघाले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीतील एका कंपनीने 'इनपेज' हा प्रोग्राम आणला. कलम धरणाऱ्या हातापुढे कळफलक आला. कातिबांवर आलेली वेळ कठीण होती, ती हलकी करून सांगण्यात अर्थ नाही. पण एक पाहा. नूरी नस्तालीक घडवणारे स्वतः खुशनवीस होते. कोणता नुक्ता कुठे बसतो, कशिश किती लांबवायची, हे ज्ञान कलमातून संगणकात गेले, म्हणून ती अक्षरे वाचनीय झाली. ते ज्ञान नसलेल्या यंत्रज्ञाला एकट्याने ते साधले नसते.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकहो, तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत. मुलाने सॉफ्टवेअर बदलले आणि महिनाभर त्याचे काम मंदावले तर "एवढे शिकवूनही येत नाही" असे म्हणू नका. तो महिना शिक्षणाचा आहे, त्याची फी म्हणजे तुमचा धीर. महागडा प्रोग्राम घेऊन देता येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती चांगल्यापैकी काम करते, आणि संगणक साधा असेल तर 'शॉटकट' किंवा 'केडेनलाइव्ह' हे मोफत प्रोग्राम आहेत. चोरीच्या प्रतीवर मुलाला धंदा सुरू करू देऊ नका. कमाई हलालीची हवी, आणि तशा प्रतींतून संगणकात विषाणूही शिरतात. तिसरी मागणी मुलींसाठी आहे. संकलनाचे काम घरी बसून होते, पण घरी बसून होते म्हणून ते फावल्या वेळचे समजू नका. मुलगी संगणकापुढे बसली असेल तर तिलाही भावाइतकाच निवांत वेळ मिळू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला चार शब्द. एक सॉफ्टवेअर नीट शिका आणि वर्षभरानंतर दुसऱ्याची तोंडओळख करून घ्या. दोन माहीत असलेल्याला तिसरे शिकायला कमी वेळ लागतो, कारण प्रोग्राम काय आणि काम काय, हा फरक त्याला दुसऱ्याच वेळी कळलेला असतो. आपले काम एका प्रोग्रामच्या कुलुपात ठेवू नका. एका प्रोग्राममधील कापणी दुसऱ्यात नेण्यासाठी एक्सएमएलसारख्या फाइली असतात, पण त्यांतून कापण्याच्या जागा जातात, अक्षरे आणि करामती पुष्कळदा गळतात. म्हणून प्रत्येक कामाचे मूळ चित्रण आणि उत्तम दर्जाची तयार फाइल, दोन्ही जपून ठेवा. ती तयार फाइल कोणत्याही प्रोग्राममध्ये पाहता येईल. आणि आठवड्यातून एकदा एखादा चांगला चित्रपट आवाज बंद करून पाहा. दृश्य कुठे तुटले, तेथेच का तुटले, हे वहीत लिहा. हा अभ्यास कोणत्याही आवृत्तीबरोबर जुना होत नाही आणि त्यासाठी संगणकही लागत नाही.

आज तुम्ही ज्यावर काम करता, त्यातले बरेचसे तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हा नसेल. त्याची धास्ती घेऊ नका आणि त्याकडे डोळेझाकही करू नका. एकदा मनापासून नवशिके होऊन पाहा. पुढच्या वेळी ते सोपे जाईल, आणि पुढची वेळ येणारच आहे.